नाताळातला ळ

पोर्तुगीज भाषेत ळ नाही. लॅटिनमध्ये नाही, इंग्रजीत नाही, प्रमाण हिंदीतही नाही. तरी ‘नाताळ’च्या शेवटी तो ठाण मांडून बसलेला आहे. मूळ पोर्तुगीज शब्द ‘नताल’. लिस्बनचा माणूस त्यातला शेवटचा ल जिभेचा मागचा भाग उचलून जाडसर करून म्हणतो. ब्राझीलमध्ये तो ल विरघळला आणि शब्द झाला ‘नताउ’. गुजरातीने साधा ल ठेवून ‘नाताल’ केले. आपल्या किनाऱ्यावरच्या कानांना मात्र तो जाडसर आवाज ओळखीचा वाटला असणार, कारण त्यांनी तिथे सरळ ळ बसवून टाकला. कुणा पंडिताने समिती नेमून तो बसवलेला नाही. बाजारात, होडीवर, चुलीपाशी बोलता बोलता तो बसला. शब्द बाहेरून आला, ळ इथला आहे, आणि माझे सगळे भांडण या एका अक्षरासाठी आहे.

भांडण कुणाशी, तर आपल्याशीच. डिसेंबर उजाडला की मराठी वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, शाळांच्या सूचना, नगरसेवकांचे फलक, सगळीकडे ‘ख्रिसमस’ सुरू होते. दहावीस वर्षांपूर्वी जिथे ‘नाताळची सुट्टी’ असे तिथे आता ‘ख्रिसमस व्हेकेशन’ किंवा ‘विंटर ब्रेक’ असते. आमच्या सोसायटीच्या फलकावर गेल्या वर्षी ‘ख्रिसमस सेलिब्रेशन’ झळकले, तेव्हा मी ग्रुपवर लिहिले की निदान मराठी ओळीत तरी ‘नाताळ’ लिहा. संध्याकाळपर्यंत वाद पेटला. एकाचे म्हणणे, काका, ख्रिसमस सगळ्यांना कळते, उगाच का ताणता. दुसऱ्याचे म्हणणे, मुळात सणच आपला नाही, मग त्यासाठी आपला शब्द कशाला खर्ची घालायचा. तिसऱ्याने कुठून तरी आलेला लांबलचक मजकूर पुढे ढकलला. पंचवीस डिसेंबर हा रोमन सूर्यदेवाचा वाढदिवस, युरोपातला ‘यूल’ हा शब्द ख्रिस्तपूर्व मूर्तिपूजकांचा, आणि ‘ख्रिसमस’ म्हणजे तर चक्क ‘कृष्णमास’! तळमजल्यावरच्या ख्रिस्ती आजींनी या साऱ्यावर एवढेच लिहिले, ‘फुगे तळायला घेतलेत, मुलांना पाठवा.’

आजींचे फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, खाऊन झाल्यावर मी त्या तिसऱ्या गृहस्थांच्या मजकुराकडे वळलो, कारण त्यात गंमत सगळ्यांत जास्त होती आणि थोडे खरेही होते.

पोर्तुगीज ‘नताल’ आला लॅटिन ‘नातालिस’वरून. नातालिस म्हणजे जन्माचा, जन्मासंबंधीचा. ‘दिएस नातालिस’ म्हणजे जन्मदिवस. याच शब्दाची पोरे युरोपभर पसरली आहेत. इटलीत ‘नाताले’, फ्रान्समध्ये ‘नोएल’, वेल्समध्ये ‘नादोलिग’, आयर्लंडमध्ये ‘नोल्लिग’. स्पेनच्या कॅटलान भाषेत नाताळाला ‘नादाल’ म्हणतात, म्हणजे टेनिसमधला राफाएल नादाल हा आडनावाने श्री. नाताळ. रशियातून आपल्याकडे आलेले नताशा हे नावही ‘नातालिया’चे लाडके रूप, त्याच घराण्यातले. आपल्याकडच्या कितीतरी हिंदू घरांत नताशा वाढते आहे आणि तिच्या नावात नाताळ आहे हे आईबापांच्या गावीही नाही. त्याने काही बिघडलेले नाही.

वास्को द गामा १४९७च्या नाताळात आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यालगत होता, म्हणून त्या किनाऱ्याला त्याने ‘नाताल’ नाव दिले. पुढे त्याच नाताळ प्रांतात मोहनदास गांधी नावाच्या वकिलाने १८९४मध्ये नाताळ इंडियन काँग्रेस काढली. तिच्या नावात सण आहे हे शाळेत आम्हाला कुणी सांगितले नव्हते. आम्ही नुसते सनावळीत पाठ केले. ब्राझीलमधले नताल शहर तर २५ डिसेंबर १५९९चेच. पोर्तुगीज गलबते जिथे जिथे लागली तिथे हा शब्द उतरला. सिंहली लोक ‘नत्तल’ म्हणतात, इंडोनेशियात ‘हारी नाताल’ म्हणतात. वसईच्या म्हाताऱ्या माणसाला जाकार्तात सोडले तर बाकी काही कळणार नाही, पण पंचवीस डिसेंबरला तो चुकणार नाही.

आता याच्याही मागे जा. लॅटिन ‘नातुस’, म्हणजे जन्मलेला, याचे जुने रूप ‘ग्नातुस’. ते आणि संस्कृत ‘जात’ ही सख्खी भावंडे. जन्, जन्म, जाती, जनता हे सगळे एकीकडे आणि नाताल, नेटिव्ह, नेशन हे दुसरीकडे, धातू एकच. साहेब आपल्याला ज्या शब्दाने हिणवायचा तो ‘नेटिव्ह’, ज्याच्या नावाने आपण त्याला घालवले ते ‘नेशन’ आणि ज्या सणाला तो केक कापायचा तो ‘नाताळ’, तिघे एका आजीची नातवंडे. आपली ‘जात’सुद्धा त्याच आजीची, पण तिच्याविषयी जितके कमी बोलावे तितके बरे.

हे वाचून कुणाला वाटेल की चला, मुद्दा जिंकला, नाताळ शेवटी आपल्याच धातूचा निघाला. नाही. हा युक्तिवाद मला वापरायचा नाही. वापरला तर माझ्यात आणि ‘कृष्णमास’वाल्या गृहस्थांत फरक राहणार नाही. म्हणजे फरक आहे. ‘ग्नातुस’ आणि ‘जात’ यांचे नाते ध्वनिनियमांनी शेकडो शब्दांत ताडून पाहिलेले आहे. ‘कृष्णमास’ हा नुसता कानाला झालेला भास आहे. ‘ख्रिसमस’मधला ‘मस’ हा मास नव्हे, तो चर्चमधला ‘मास’ विधी, म्हणजे आपल्या कॅथलिक शेजाऱ्यांची मिस्सा. जुन्या इंग्रजीतली ‘क्रिस्तेस मेस्से’, ख्रिस्ताची मिस्सा. पण हे सगळे सिद्ध करूनही हाती काय लागते? शब्दाचा धातू आपला निघाला म्हणून सण आपला होत नाही आणि परका निघाला म्हणून परका होत नाही. व्युत्पत्ती शब्दाची वाट सांगते. सातबारा सांगत नाही.

सूर्याच्या वाढदिवसाचेही तसेच. इसवी सन ३५४मधला एक रोमन दस्तऐवज आहे, त्या वर्षाचे पंचांगच म्हणा. त्यातल्या सरकारी सणांच्या यादीत २५ डिसेंबरला ‘अजिंक्याचा नातालिस’ असे लिहिले आहे आणि त्यासाठी रथांच्या तीस शर्यती लावल्या आहेत. हा अजिंक्य म्हणजे सूर्य. सम्राट ऑरेलियनने २७४मध्ये त्याला मोठे मंदिर बांधून दिले होते. त्याच दस्तऐवजात, दुसऱ्या यादीत, त्याच तारखेला यहुदियातल्या बेथलेहेमात ख्रिस्त जन्मल्याची नोंद आहे. दोन नोंदी, एक तारीख, एकाच जुडग्यात. चर्चने सूर्याची तारीख उचलली असे काही अभ्यासक म्हणतात. इतर म्हणतात, नाही, गर्भधारणेचा दिवस २५ मार्च धरून नऊ महिने मोजले की २५ डिसेंबरच येतो, सूर्याकडे जायची गरजच नाही. वाद चालू आहे, आणि बायबलमधल्या शुभवर्तमानांत तारीख दिलेलीच नाही हे कुठलाही पाद्री तुम्हाला न लाजता सांगेल. अर्मेनियन चर्च आजही सहा जानेवारीला हा सण करते. रशियन चर्च जुने पंचांग धरून असल्यामुळे त्यांचा पंचवीस डिसेंबर आपल्या सात जानेवारीला येतो. पोचपावती म्हणून तारीख दाखवायचीच असेल तर कुणाची दाखवणार?

‘नातालिस’ या शब्दाची मला आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. सुरुवातीच्या ख्रिस्ती समाजात हुतात्म्याच्या मृत्यूच्या दिवसाला ‘नातालिस’ म्हणत. इथून गेला तो तिथे जन्मला, असा हिशेब. वारकऱ्याला हे समजवावे लागणार नाही. आळंदीला ज्ञानदेवांच्या समाधीचा सोहळा ज्या आनंदाने होतो त्या आनंदाला पुण्यतिथी हा शब्दही कमीच पडतो.

यूलचे प्रकरण आणखी बोलके आहे. हा उत्तर युरोपातला, नाताळाच्या दिवसांना असलेला जुना शब्द. इंग्रज मठवासी बीड याने ७२५मध्ये लिहून ठेवले आहे की अँगल लोक डिसेंबर आणि जानेवारी या दोन्ही महिन्यांना ‘गिउली’ म्हणत. तेव्हा हा आधी ऋतूचा शब्द होता, सर्वांत मोठ्या रात्रीच्या अलीकडच्या-पलीकडच्या दिवसांचा. नॉर्स भाषेत त्याचे रूप ‘योल’. दहाव्या शतकात नॉर्वेच्या हाकोन राजाने, जो इंग्लंडात ख्रिस्ती होऊन वाढला होता, योलचा उत्सव ख्रिस्ती सणाच्या दिवसांवर आणून ठेवला, असे तेराव्या शतकातला आइसलँडचा इतिहासकार स्नोरी सांगतो. लोकांनी बिअर तीच प्यायली, शब्द तोच ठेवला, देव बदलला. आज स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वेत ‘यूल’, फिनलंडमध्ये ‘यौलु’ हाच नाताळाचा एकमेव सर्रास शब्द आहे. तिथल्या चर्चच्या पत्रिकांवरही तोच. हा शब्द ख्रिस्तपूर्व आहे हे तिथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते आणि त्यावरून कुणी कुणाला ‘बघा, सण तुमचा नाहीच’ असे ऐकवत नाही.

ऐकवले होते ते दुसऱ्यांनी, आणि ते ख्रिस्तीच होते. सतराव्या शतकातल्या कडव्या प्रोटेस्टंटांना हा सण बायबलाबाहेरचा वाटला. स्कॉटलंडच्या संसदेने १६४०मध्ये यूलची सुट्टी कायद्याने रद्द केली. इंग्लंडच्या संसदेने १६४७मध्ये सणच बंद केला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत १६५९पासून १६८१पर्यंत नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. काही प्युरिटनांना ‘ख्रिसमस’मधली ती कॅथलिक ‘मास’ इतकी टोचायची की त्यांनी तिच्या जागी ‘ख्राइस्टटाइड’ असा धुतलेला शब्द चालवून पाहिला. चालला नाही. इंग्लंडमध्ये बंदी तेरा वर्षांत गेली. स्कॉटलंडला वेळ लागला, तिथे २५ डिसेंबरची सार्वजनिक सुट्टी १९५८मध्ये आली, तोवर माणसे त्या दिवशी कामावर जात. पण म्हातारी माणसे ‘यूल’च म्हणत राहिली. संसदेच्या ठरावाने सुट्टी जाते, जीभ जात नाही.

या सगळ्यात आपल्या ओळखीचे काय आहे ते पाहायचे तर संक्रांतीकडे पाहावे. उत्तरायणाचा सण तो. प्रत्यक्षात सूर्य उत्तरेकडे वळतो तो २१-२२ डिसेंबरला, आणि आपण तिळगूळ वाटतो १४-१५ जानेवारीला, कारण अयनचलनाने, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाच्या संथ डोलण्याने, आकाश सरकले आणि निरयन पंचांग आपल्या जागी राहिले. खगोलाचा हिशेब काढून ‘तुमची संक्रांत चुकली’ म्हणत कुणी दारात उभा राहिला तर आपण त्याला तिळाचा लाडू देऊन वाटेला लावू. तेवढाच लाडू नाताळाच्या तारखेलाही द्यावा. २५ डिसेंबरलाच १९२७ साली महाडला बाबासाहेबांच्या उपस्थितीत मनुस्मृती जाळली गेली, आणि २०१४पासून केंद्र सरकार त्याच दिवशी सुशासन दिन पाळते. एका तारखेत खूप माणसे मावतात.

आता दुसरे गृहस्थ. त्यांचा आक्षेप हलका नाही, त्यामुळे तो हसण्यावारी नेणार नाही. त्यांचे म्हणणे जरा नीट मांडायचे तर असे होईल: नाताळ हा शब्द पोर्तुगीज सत्तेबरोबर आला, आणि ती सत्ता साधी नव्हती. खरे आहे. गोव्यात १५६०मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा देणारे चर्चचे न्यायालय, बसले आणि १८१२पर्यंत, मधली थोडी वर्षे सोडून, चालले. देवळे पाडली गेली, लोकांनी रातोरात देव डोक्यावर घेऊन जुव्या-खाड्या ओलांडल्या. मंगेशी, शांतादुर्गा आज जिथे आहेत तिथे ती मूळची नव्हेत. १६८४मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोला असे फर्मान काढले. हे सगळे ‘झाले गेले’ म्हणून पुसून टाकावे असे मी म्हणत नाही, आणि नाताळ हा शब्द गोड आहे म्हणून तो इतिहास गोड होत नाही.

पण मग त्याच सत्तेबरोबर आलेल्या इतर मंडळींचे काय करायचे? पाव, बटाटा, काजू, पपई, अननस, कोबी, तंबाखू. चावी, बादली, घमेले, पिंप, परात, बिजागरी, फीत, इस्त्री. पगार, लिलाव, तुरुंग. आणि अफोन्सोचा झालेला हापूस, ज्याच्यासाठी आपण एप्रिलमध्ये जातिधर्म विसरतो. सकाळी चावीने कुलूप काढताना कुणाला इन्क्विझिशन आठवत नाही. पगार झाला की कुणी तो वसाहतवादी म्हणून परत करत नाही. मग एकट्या नाताळावरच शुद्धीचा रोख का? शब्द परका आहे म्हणून की तो सण पाळणारा माणूस परका वाटतो म्हणून? याचे उत्तर ज्याने त्याने एकट्याने, ग्रुपच्या बाहेर, द्यावे.

भाषाशुद्धीची आपली परंपरा मोठी आहे. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो फारसी शब्दांना पर्याय म्हणून. सावरकरांनी दिलेले दिनांक, महापौर हे शब्द आज त्यांचे विरोधकही वापरतात. मला त्या परंपरेविषयी आदर आहे, म्हणूनच तिला विचारावेसे वाटते: ‘नाताळ’ काढून आपण त्या जागी कुठला शुद्ध मराठी शब्द बसवला? ‘ख्रिस्तजन्मोत्सव’ बसवला असता तर निदान वाद घालता आला असता. आपण बसवला ‘ख्रिसमस’, एका साहेबाचा शब्द काढून दुसऱ्या साहेबाचा. तोही न झिजवलेला, न वळवलेला, जोडाक्षरासकट कोरा करकरीत. पोर्तुगीज शब्दाला आपण निदान ळ तरी लावला होता.

गोव्याचे एक साधे पंचांग सांगतो. भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला तो १९ डिसेंबर १९६१ला. साडेचारशे वर्षांची सत्ता गेली आणि बरोबर सहाव्या दिवशी नाताळ आला. कुणी नाव बदलले नाही. कोकणीत तो कालही नाताळ होता, त्या दिवशीही नाताळच राहिला. गव्हर्नर जनरल तेवढा कैदेत होता. वसईत तर ही गोष्ट त्याही आधी घडून गेली. १५३४च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, १७३९मध्ये चिमाजीअप्पांनी ती जिंकून घेतली. मराठ्यांचा भगवा किल्ल्यावर चढल्यानंतर या तालुक्यात पोर्तुगीज भाषेला कुणी वाली उरला नाही. तिथले ख्रिस्ती शेतकरी, कोळी, बागायतदार मात्र तिथेच राहिले, सामवेदी बोलत, वाडवळी बोलत, केळी-पानवेली पिकवत, आणि नाताळ करत. सत्ता दोनशे पाच वर्षे टिकली. शब्द त्यानंतर पावणेतीनशेहून अधिक वर्षे त्यांच्या जिभेवर आहे. मग तो पोर्तुगीजांचा शब्द की त्यांचा?

हे लोक मराठीतले भाडेकरू नाहीत. फादर थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट १५७९मध्ये गोव्याला आला, मराठी शिकला आणि १६१६मध्ये गोव्यातल्याच रायतूरला त्याचे ख्रिस्तपुराण रोमी लिपीत छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्या. ज्या काळात छापील मराठी म्हणून दाखवायला आपल्याकडे दुसरे फारसे काही नाही, त्या काळात बेथलेहेमच्या गोठ्यातला जन्म मराठी ओवीत छापला गेला होता. पुढे देशावर ख्रिस्ती धर्म वेगळ्या वाटेने, अमेरिकन मराठी मिशनबरोबर आला. ‘ज्ञानोदय’ १८४२पासून निघू लागले. नारायण वामन टिळक १८९५मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यांनी अभंग, ओवी, कीर्तन सगळे बरोबर नेले. पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून बायबल साध्या मराठीत आणले. आणि अगदी कालपरवा, जानेवारी २०२०मध्ये, वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या त्र्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या निवडीला विरोध झाला होता. ज्या माणसाने अवघे बायबल सुबोध मराठीत आणून साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळवला, त्याला मराठीच्या मांडवात कशाला बसवायचे असा तो सवाल होता.

त्या विरोधाचा आणि सोसायटीच्या फलकाचा संबंध आहे, असे माझे म्हणणे आहे. लोकांना वाटेल, काय हे, कुठे तो विरोध आणि कुठे एक निरागस ‘मेरी ख्रिसमस’. पण पाहा. ‘नाताळ’ म्हटले की डोळ्यांसमोर वसईचे, बांद्र्याचे, म्हापशाचे घर येते: अंगणात मुलांनी गवत पसरून केलेला गोठा, दारात कागदी चांदणी, जी दिवाळीत आपण आकाशकंदील म्हणून लावतो तिचीच बहीण, ताटात नेवऱ्या, ज्यांना आपण करंज्या म्हणतो, शेजारी दोदोल आणि फुगे, आणि मध्यरात्री नऊवारी नेसून मिस्सेला निघालेल्या म्हाताऱ्या. ‘ख्रिसमस’ म्हटले की मॉलमधले प्लास्टिकचे सूचिपर्णी झाड येते, थर्माकोलचा बर्फ येतो आणि लाल टोपी घातलेला, घामाने निथळणारा, पंधरा दिवसांपुरता नोकरीला लावलेला पोरगा येतो. पहिल्या चित्रात शेजारी आहेत. दुसऱ्यात फक्त गिऱ्हाईक आहे. सण आधी विलायती करून टाकायचा आणि मग ‘हा विलायती सण’ म्हणून नाक मुरडायचे, ही सोय आपल्या शब्दनिवडीने होते. ‘ख्रिसमस’ हौसेने साजरा करणारे आणि ‘ख्रिसमस’चा निषेध करणारे यांचे निदान शब्दावर एकमत आहे. दोघांनाही वसई दिसत नाही.

याला एक अडचण आहे आणि ती मी लपवणार नाही. तळमजल्यावरच्या आजींची नात ‘ख्रिसमस’ म्हणते. तिच्या कॉन्व्हेंटमध्ये तोच शब्द, तिच्या मित्रांत तोच. वसई-मुंबईच्या याच समाजाने १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षे झाली तेव्हा, स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ हे इंग्रजी नाव लावून घेतले, कारण गोव्याहून, मंगळुराहून आलेल्या ख्रिस्ती उमेदवारांहून आपण वेगळे आहोत हे इंग्रज साहेबाला सांगायचे होते. नोकरी जिकडे नेते तिकडे शब्द जातात, त्यात दोष कसला द्यायचा? शिवाय नगरच्या किंवा विदर्भातल्या प्रोटेस्टंट कुटुंबाचा पोर्तुगीजांशी काहीच संबंध नाही. नाताळ त्यांना कोकणातून उसना आला, जसा आपल्याला आला. त्यांच्यापैकी कुणाला ‘ख्रिसमस’ म्हणायचे असेल तर म्हणोत. ज्याचा सण त्याची मर्जी. त्यांच्या देवघरात शिरून मी शुद्धलेखन तपासणार नाही. माझा हट्ट आहे तो सार्वजनिक मराठीपुरता, म्हणजे वर्तमानपत्र, शाळेची वही, पालिकेचा फलक, एसटीची सूचना. जिथे लिहिणारा कुणी एक नसून आपण सगळे आहोत तिथला शब्द आपल्या साठवणीतला असावा. मराठीला २०२४मध्ये अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. दर्जा मिळाला त्या भाषेत हा शब्द आधीपासून आहे, नव्याने घडवायचाही नाही, नुसता टाकून द्यायचा नाही.

‘सगळ्यांना कळतं’ म्हणणारे पहिले गृहस्थ राहिले. त्यांना एवढेच विचारतो की ‘नाताळ’ कुणाला कळत नाही? खेड्यातल्या मराठी शाळेतल्या पोरालाही तो कळतो, कारण आमच्या पिढीला तर हा शब्द धर्माआधी सुट्टी म्हणूनच भेटला. सहामाही संपलेली, स्नेहसंमेलनाच्या तालमी चाललेल्या, अंगात मफलर-स्वेटर, शेतात हुरडा आलेला. घरी आजीचा धुंधुरमास चालू असायचा, सूर्य धनू राशीत, पहाटे उठून बाजरीची भाकरी, लोणी, वांग्याचे भरीत, मुगाची खिचडी, उजाडायच्या आत जेवण उरकलेले. आजीला ‘धुंधुरमास’ आणि ‘नाताळची सुट्टी’ हे दोन शब्द एका वाक्यात घेताना कधी अडखळायला झाले नाही: ‘यंदा नाताळच्या सुट्टीत पोरं आहेत तोवर एक धुंधुरमास करून घेऊ.’ बीडने लिहिलेला ‘गिउली’ आणि आजीचा धुंधुरमास यांचा भाषेने काही संबंध नाही. पण दिवस थंडीचेच, रात्र वर्षातली सर्वांत लांब, आणि चुलीजवळ सरकून बसायची ओढही तीच. ऋतूला नाव हवे असते, आणि आपल्या डिसेंबरअखेरीला ते होते. ‘विंटर ब्रेक’ म्हणायला मुळात आपल्याकडे ब्रेक लागण्याइतका विंटर तरी कुठे पडतो?

फलक लिहिणाऱ्यांच्या सोयीसाठी थोडे व्याकरण. नाताळ पुल्लिंगी आहे. नाताळाचा सण, नाताळाला आलो, नाताळात भेटू. ‘नाताळच्या शुभेच्छा’ रुळलेले आहे, बिनधास्त लिहावे. माझ्या त्या ग्रुपवरच्या आग्रहाचा परिणाम म्हणून सोसायटीने शेवटी फलक बदलला. समितीतल्या तरुण सचिवाने मधला मार्ग काढला आणि क्लब हाउसच्या दारावर ठळक अक्षरांत ‘मेरी नाताळ’ लावले. हिंदीत वाचले तर ‘माझी नाताळ’ होते आणि लिंग चुकते. मराठीत वाचले तर मेरीचा, म्हणजे मरियेचा जन्म होतो, आणि तो सण असतो आठ सप्टेंबरला, त्यानंतरच्या रविवारी बांद्र्याला मोतमाउलीची जत्रा भरते. आजी फलकासमोर उभ्या राहून खूप वेळ हसल्या. म्हणाल्या, ‘साडेतीन महिने उशीर झाला रे, पण ळ बरोबर लिहिलाय.’